अर्धा पुसलेला चुंबक

जरा थांबा. झाकण बसायला अजून थोडा अवकाश आहे, तेवढ्यात माझं म्हणणं सांगून घेतो. एकदा आत गेलो की पुढची कितीतरी वर्षं मला कुणी काही विचारणार नाही.

मी एक चुंबक आहे. बिस्किटाएवढा, गोल, काळा, दिसायला अगदीच साधा. मोटारीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या, म्हणजे गिअरच्या पेटीच्या तळाला पत्र्याचं एक ताट असतं, त्याला पॅन म्हणतात. पॅनमध्ये तेल साठतं आणि त्या तेलात मी बुडून बसलेला असतो. वर चक्रं फिरतात, चकत्या एकमेकींना घासतात आणि झिजून झिजून त्यांचं बारीक पीठ खाली पडतं. ते मी धरून ठेवतो. ते पुन्हा तेलाबरोबर वर गेलं, तर सगळ्या पेटीचं वाटोळं व्हायला वेळ लागणार नाही. थोडक्यात, पेटीतला सगळ्यात महत्त्वाचा मीच, आणि हे मी अगदी नम्रपणे सांगतोय.

माझा जन्म कारखान्यातला. काळी भुकटी साच्यात दाबली, भट्टीत भाजली, की झालो मी तयार. पण तोवर मी नुसता दगड होतो, कुणाचं घेणं नाही की देणं नाही. मग मला एका यंत्राखाली ठेवलं, क्षणभर वीज सोडली, आणि माझ्या अंगात ओढ शिरली. शेजारची भावंडं अशी अंगावर धावून आली की आम्हाला सोडवता सोडवता कामगारांच्या नाकी नऊ आले. शेवटी आमच्या मधेमधे पुठ्ठे घालून आम्हाला खोक्यात भरलं.

तेव्हापासून माझा स्वभाव एकच. लोखंड जवळ आलं की ओढायचं, आणि एकदा धरलं की सोडायचं नाही. या स्वभावाचा मला फार अभिमान होता. त्यानंच मला एकदा अडचणीत आणलं, तीच गोष्ट आज सांगायची आहे.

मी ज्या गाडीत बसलो ती एका मास्तरांनी घेतली. विज्ञान शिकवणारे मास्तर. लहानपणीच्या आजारात त्यांचा डावा पाय गेला, म्हणजे पाय आहे, पण त्यात जोर नाही. क्लचची गाडी त्यांना चालवता येत नाही. ऑटोमॅटिक गाडीला डाव्या पायाचं काही कामच नसतं, म्हणून ही गाडी. त्यांची शाळा टेकडीवर. रोज सकाळी चढाच्या पायथ्याशी आले की ते गाडीला म्हणायचे, "चला बाई, आज तरी वेळेवर पोचू." मला आत काही दिसायचं नाही, पण पत्र्यातून सगळं ऐकू यायचं. बाई म्हणजे आम्हीच, हे कळल्यावर मला बरं वाटायचं.

नव्या तेलाचा रंग लालचुटूक. दिवस मजेत जात होते. पीठ थोडं थोडं पडत होतं, मी ते गोळा करत होतो. मास्तरांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं की हे तेल आयुष्यभर टिकतं. कुणाच्या आयुष्यभर, एवढं मात्र विचारायचं राहिलं.

तेल तांबडं झालं, मग तपकिरी, मग काळपट. त्याला करपल्याचा वास यायला लागला. माझ्या अंगावर पिठाचा एवढा थर चढला की मला माझाच आकार आठवेना. मी धरायचं ते धरत होतो, पण वर चकत्या जळत होत्या आणि त्याला माझा इलाज नव्हता. शेवटी एका सकाळी चढावर इंजिन गुरगुरलं, ओरडलं, पण गाडी जागची हलली नाही. मास्तरांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "बाई, तुमच्याही पायातला जोर गेला का?"

असे आम्ही गॅरेजमध्ये आलो.

गॅरेजात माणसं दोनच. मिस्त्री आणि त्यांची लेक. मिस्त्री साठीच्या पुढचे, गिअरबॉक्सच्या कामात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नाही. त्यांचा चष्मा कायम खिशात. लेक पस्तिशीची, केस रुमालात घट्ट बांधलेले, नखं मुळापासून कापलेली. अकरा वर्षं तिनं बापाच्या हाताखाली काम केलं होतं, आणि त्यातलं मुख्य काम म्हणजे दिवा धरणं. मिस्त्री पेटीत डोकं घालणार आणि ही वरून दिवा धरणार. "हलवू नकोस," हे त्यांचं पालुपद. दिवा हलला नाही तरी ते म्हणायचेच.

आमची पेटी गाडीतून काढून टेबलावर उलटी ठेवली, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "ही तू कर."

"म्हणजे?"

"तूच उघड, तूच धू, तूच तपास, तूच बांध. मी हात लावणार नाही. नीट चालली तर आजपासून टेबल तुझं. नाही चालली तर पुन्हा दिवा धर."

"आणि तुम्ही काय करणार?"

"मी बसून बघणार."

"तुम्ही? बसून?"

"मग काय डोक्यावर उभा राहू?" असं म्हणून ते स्टुलावर बसले, आणि दोन मिनिटांत उठले.

तिनं पॅन काढला. आता या गॅरेजची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. पॅन उघडला की पहिला मान चुंबकाचा. बाकी काही धुवायच्या आधी मला उजेडात धरायचं आणि माझ्यावरचं पीठ वाचायचं. पण पुसायचं अर्धंच. अर्धा भाग मिस्त्रीचा, अर्धा गिऱ्हाईकाचा. गिऱ्हाईक येऊन बघेपर्यंत त्याच्या अर्ध्या भागाला कुणी बोट लावायचं नाही. पूर्वी एका गिऱ्हाईकानं मिस्त्रींवर आळ घेतला होता की चांगले भाग उगाच बदलले. ते मिस्त्रींच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून ही रीत, आणि ती मोडलेली मी तरी ऐकली नाही.

लेकीनं खिडकीशी पांढरा कागद पसरला आणि अंगठ्यानं माझा अर्धा भाग पुसला. पीठ कागदावर चोळून पाहिलं.

"बारीक आहे. तुकडे नाहीत," ती म्हणाली. "चक्रांचे दात शाबूत असणार. चकत्या गेल्यात."

मिस्त्रींनी नुसतं "हं" केलं. त्यांचं "हं" म्हणजे शाबासकी असते, हे तिला माहीत होतं. तिनं मला पुन्हा पॅनमध्ये ठेवलं आणि ती कामाला लागली.

तिचं काम बघताना मला मजा येत होती. मी जन्मापासून अंधारात, आणि आता माझं सगळं शेजारपाजार एकेक करून उजेडात येत होतं. चकत्या निघाल्या. काहींचं अस्तर नखानं खरवडताच गळून पडलं, काहींच्या पोलादावर तापून निळे डाग उठले होते. रबरी सील कडक होऊन तडकले होते. तिनं प्रत्येक भाग काढला त्याच क्रमानं टेबलावर मांडला. मग धुण्याच्या टाकीत ब्रशनं घासायचं, हवेच्या नळीनं फुंकून वाळवायचं, उजेडात फिरवून बघायचं, बोट फिरवून बघायचं. कापडाला मात्र बंदी. चिंधीचा एक धागा आत राहिला आणि झडपेत अडकला, की गाडी गिअर बदलताना कां-कूं करायला लागते.

पेटीचं डोकं म्हणजे व्हॉल्व्ह बॉडी. हाताच्या पंजाहून थोडा मोठा धातूचा ठोकळा, आत नुसत्या तेलाच्या वाटा. वाटांच्या मधे लहान लहान खण, आणि खणांत मिरीच्या दाण्याएवढ्या पोलादी गोळ्या. तेल एका बाजूनं आलं की गोळी वाट बंद करते, दुसऱ्या बाजूनं आलं की उघडते. एवढंच तिचं काम, पण ते चुकलं तर गिअर धाडकन पडतो आणि नव्या चकत्याही जळतात.

लेकीनं तो ठोकळा तेल निथळायला पॅनमध्येच ठेवला, माझ्या शेजारी. बोल्ट सैल करत होती, तेवढ्यात फोन वाजला. तिनं मान वळवली. ठोकळ्याची दोन अंगं किंचित सुटली आणि त्या फटीतून एक गोळी घरंगळली. कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

गोळी माझ्यापासून दोन बोटांवर पडली, आणि मी तिला ओढून घेतलं. विचार असा काही केलाच नाही. ती येऊन चिकटली ती नेमकी माझ्या न पुसलेल्या अर्ध्या भागावर. तिथलं पीठ आजूबाजूनं तिच्या अंगावर चढलं, आणि बघता बघता ती दिसेनाशी झाली. मी खूश होतो. एवढा मोठा दाणा आजवर कधी मिळाला नव्हता.

संध्याकाळी लेकीनं धुतलेल्या गोळ्या एका झाकणात मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"बाबा, गोळ्या सहाच आहेत."

"सहाच असतात."

"खण सात आहेत."

"एक रिकामा असतो. या जातीच्या पेट्या मी केल्यात. कंपनीच्या पुस्तकातही सहाच आहेत, बघ."

"पुस्तक या पेटीच्या जुन्या प्रकाराचं आहे. आणि रिकाम्या खणात गोळी बसल्याची खूण कशी असेल? हे बघा, कडेला गोल घासून चमकतंय."

मिस्त्रींनी ठोकळा हातात घेतला. लांब धरला. आणखी लांब धरला. "ओरखडा आहे," म्हणाले.

"चष्मा लावा ना."

"चष्मा लावून ओरखड्याची गोळी होत नाही."

लेकीनं ठोकळा परत घेऊन त्या खुणेवरून बोट फिरवलं. मला तिची अडचण स्वच्छ दिसत होती. बापाचं ऐकून सहा गोळ्यांवर पेटी बंद केली, तर चूक बापाची. सात म्हणाली, तर सातवी तिच्याच हातून हरवली, आणि टेबलही गेल्यात जमा. गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं.

शेल्फवर त्याच मापाच्या नव्या गोळ्यांचा डबा होता. तिचा हात डब्यापर्यंत गेला आणि परत आला.

"नवी टाकता येईल," ती म्हणाली. "पण जुनी कुठे आहे? पेटीत कुठे दडून बसली असेल तर पहिल्याच चढावर चक्रात जाईल. ती सापडल्याशिवाय मी बंद करणार नाही."

"सोमवारी मास्तरांची शाळा उघडते," मिस्त्री म्हणाले.

"माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तिनं सगळं गॅरेज पालथं घातलं. धुण्याच्या टाकीतला गाळ चाळला. पॅनमधलं तेल गाळून घेतलं, पॅनच्या तळावर बोटं फिरवली. बोटं माझ्या अगदी कडेपर्यंत आली आणि थांबली. पुढे गिऱ्हाईकाचा भाग होता. तिनं मला अलगद उचलून पांढऱ्या कागदावर खिडकीत ठेवलं, आणि पॅन धुतला. जमीन झाडली, केर निवडला, स्वतःच्या बुटांचे तळवे खरवडले. धुतलेला एकूण एक भाग पुन्हा हवेनं फुंकला.

मी खिडकीतून हे सगळं बघत होतो. खरं सांगतो, मला लाज वाटली. जन्मभर ज्या स्वभावाचा टेंभा मिरवला, त्यानंच त्या पोरीचा जीव टांगणीला लावला होता. ओरडून सांगावंसं वाटलं की अगं, इथे आहे, माझ्याकडे आहे. पण मला ओढता येतं, बोलता येत नाही.

दुपारी तिनं फोन उचलला.

"कुणाला?" मिस्त्रींनी विचारलं.

"मास्तरांना. खरं काय ते सांगते."

"गिऱ्हाईकाला असलं सांगायचं नसतं. विश्वास उडतो."

"मग काय सांगू? सामान आलं नाही म्हणू?"

"सगळे तेच म्हणतात."

"म्हणूनच कुणाला खरं वाटत नाही, बाबा."

मिस्त्री उठून दारात जाऊन उभे राहिले. ती फोनवर म्हणाली, "मास्तर, तुमच्या पेटीतली एक गोळी माझ्या हातून हरवली आहे. ती मिळेपर्यंत मी पेटी बांधणार नाही. सोमवारी गाडी मिळेल असा शब्द मला देता येत नाही." पलीकडून आवाज आला, "केवढी आहे गोळी?" ती म्हणाली, "मिरीच्या दाण्याएवढी." "मी येतो," मास्तर म्हणाले.

ते शेजाऱ्याच्या गाडीतून आले, काठी टेकत. रागावले असतील असं मला वाटलं होतं. ते सगळ्या टेबलाकडे बघत राहिले. क्रमानं मांडलेली चक्रं, चकत्या, बोल्टच्या रांगा.

"रोज हे सगळं माझ्या पायाखाली फिरत होतं?" ते म्हणाले. "आणि मी तेलसुद्धा विचारलं नाही."

"गोळीचं मात्र माझं चुकलं," लेक म्हणाली.

"वर्गात खडू हरवला की मी आधी माझेच खिसे बघतो. बहुतेक तिथेच असतो."

"खिसे चारदा बघितले, मास्तर." ती हसली, पण डोळे भरून आले होते. मग तिला रीत आठवली. "तुमचा अर्धा भाग बघायचा राहिलाय. बघून घ्या. चकत्या का बदलतोय ते कळेल."

तिनं मला कागदासकट उचलून त्यांच्यापुढे धरलं. मास्तरांनी चष्मा नीट केला, वाकून पाहिलं, आणि विज्ञानाच्या मास्तरांना जे केल्याशिवाय राहवतच नाही ते केलं. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत पीठ धरून चोळलं.

"तुमचं दळण काही नीट झालेलं नाही हो," ते म्हणाले. "यात खडा आहे."

लेकीनं ब्रश घेतला आणि हलक्या हातानं पीठ बाजूला केलं. काळ्या पिठातून पोलाद चमकलं. ती मटकन स्टुलावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रडत होती की हसत होती कोण जाणे, बहुतेक दोन्ही.

मग तिनं चिमट्यानं गोळी ओढली. सवयीनं मी घट्ट धरली. दुसऱ्यांदा तिनं ओढली तेव्हा मी मनापासून म्हणालो, ने बाई, घेऊन जा.

मिस्त्री इतका वेळ दारातच होते. ते आत आले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, काचा शर्टाला पुसल्या आणि डोळ्यांवर चढवला. ठोकळा खिडकीशी नेऊन त्यांनी सातव्या खणातली ती गोल खूण पाहिली. गोळी खणात ठेवली. ती खुणेवर अगदी चपखल बसली.

"सात," ते म्हणाले. मग मास्तरांकडे वळून म्हणाले, "मी सहा म्हणत होतो. ही ऐकत नव्हती. बरं झालं ऐकलं नाही."

मास्तरांनी आपल्या अर्ध्या भागाचं पीठ कागदाच्या पुडीत बांधून घेतलं, मुलांना दाखवायला. उरलेलं माझं अंग लेकीनं धुऊन काढलं. इतक्या वर्षांनी मी पुन्हा अख्खा दिसलो.

आज रविवार. तिनं सकाळी नव्या चकत्या ताज्या तेलात भिजत ठेवल्या, मग एकेक करून चढवल्या. मधली फट मापून पाहिली. तेलाच्या वाटेत हवा सोडून कान लावला. आत चकत्या दाबल्या गेल्याचा 'टप्' असा आवाज आला आणि तिचा जीव भांड्यात पडला. गोळ्या व्हॅसलीन लावून खणांत बसवल्या. ती मोठ्यानं मोजत होती आणि मिस्त्री नुसती मान हलवत होते. सात झाल्यावर त्यांनी मान हलवायची थांबवली.

गाडी उद्या टेकडी चढेल का, असं तुम्ही विचाराल. चढेल. मी आतला आहे, मला विचारा. चक्रं स्वच्छ आहेत, सील नवे आहेत, आणि ज्या हातांनी एक दाणा हरवला म्हणून अख्खं गॅरेज उलथलं, त्यांनी बांधलेली पेटी आहे ही. माझी काळजी करू नका. मी पुन्हा धरायचं काम करीन, तसंच घट्ट.

तुमच्याकडे मात्र एक मागणं आहे. मास्तर, आयुष्यभराचं म्हणून तेल विसरू नका. ते काळं व्हायच्या आत बदला. आणि बाकीच्यांनो, कुणाचं काळं झालेलं अंग घाईनं पुसून टाकू नका, आणि रीत म्हणून न बघता ठेवूनही देऊ नका. आधी हात लावून बघा. तुमचं हरवलेलं कदाचित तिथेच असेल.

आता तिनं मला पॅनमध्ये ठेवलंय. पॅन पेटीवर पालथा येतोय, मी वरून उलटा लटकतोय. फट अरुंद झाली आहे आणि तिला कडेचे बोल्ट नीट दिसत नाहीत. ती मान वळवून दिवा शोधते आहे. दिवा खुंटीवर नाही.

तो मिस्त्रींच्या हातात आहे. त्यांनी तो न सांगता उचलला आहे.

"जरा डावीकडे, बाबा."

"इथे?"

"अजून थोडा. हां, बास. हलवू नका."

फट बंद होतेय. अजून एक रेघ उरली आहे उजेडाची. ती जराही हललेली नाही.